भाच्याची नायजेरियाची नोकरी आणि नरसंहाराचा अंदाज सांगणाऱ्या तीन फुकट साइट्स, वापरून बघितल्या, सांगतो

आधी हे कशासाठी बघितलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल रिटायर झाल्यावर ह्या माणसाचं डोकं फिरलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला नायजेरियात नोकरी लागली, लागोसच्या बाहेर प्लास्टिकचा कारखाना, मालक भारतीय, पगार इथल्या अडीचपट, राहणं-खाणं कंपनीचं. बहीण राहते ग्वाल्हेरलाच चिटणीस की गोठमध्ये, मी कंपूला. त्या दिवशी रात्री नऊला ती रिक्षा करून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, दादा तू तीस वर्षं विम्यात काढलीस नं, मग सांग मला, तिथे गावंच्या गावं कापतात म्हणतात ते कितपत खरं, पाठवू का नको. भाचा मागे तोंड पाडून उभा, म्हणतो मामा तुम्हीच समजवा, आई यूट्यूबवर बोको हराम ह्या तिथल्या दहशतवादी टोळीचे व्हिडिओ बघत बसते.

आता विम्यात आम्ही आग, चोरी, ट्रक पलटणं हे बघायचो, सशस्त्र टोळ्या किती माणसं मारतील ह्याचा रेट काही आमच्या टॅरिफमध्ये नव्हता. पण शोधत गेलो तर कळलं की हेच काम करणारे लोक जगात आहेत, आकडेमोड करून, आणि सगळं फुकट ठेवतात. तीन साइट्स मी तीनेक महिने नियमाने बघितल्या, वही केली, सौ. म्हणाली ह्याऐवजी ज्ञानेश्वरी वाचली असती तर. असो.

पहिली, अर्ली वॉर्निंग प्रोजेक्ट. वॉशिंग्टनला ज्यूंच्या संहाराचं जे मोठं म्युझियम आहे त्यांचं सायमन-स्कॉट सेंटर आणि डार्टमथ कॉलेज ह्यांचं हे मिळून काम, २०१५पासून लोकांसमोर आहे. दरवर्षी एक यादी काढतात, पाच लाखांच्या वर लोकसंख्या असलेले १६०हून जास्त देश, आणि प्रत्येकापुढे एक टक्केवारी, की इथे नवीन नरसंहार सुरू व्हायची शक्यता किती. नरसंहार कशाला म्हणायचं ते स्पष्ट लिहिलंय: एका वर्षात किंवा त्याहून कमी वेळात १००० किंवा जास्त निःशस्त्र नागरिक, ठरवून, ते अमुक गटाचे आहेत म्हणून मारले गेले पाहिजेत. मारणारं सरकार असो की बंडखोर टोळी, दोन्ही धरतात.

मला हे आवडलं कारण पॉलिसीच्या पहिल्या पानावर व्याख्या असते तसं आहे, नंतर भांडण नको. पण व्याख्येचा चटका पण तिथेच. आम्ही चंबळवाले, आमच्याकडे बेहमई माहीत नाही असं पोर सापडणार नाही, १४ फेब्रुवारी १९८१, यमुनेकाठच्या गावात रांगेत उभं करून २० माणसं मारली. ते ह्या यादीच्या हिशेबात शून्य. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा जो डेटा आहे, ज्याच्यावर पुढची साइट चालते, तो बराच बारीक, तिथे टोळीने वर्षभरात नागरिक मारल्याचा आकडा २५ झाला की नोंद होते. बेहमई त्यातही बसत नाही, पाचने हुकली. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला १००० काय नि २५ काय.

बरं आता टक्केवारी कशी काढतात. १९४५नंतर कुठे कुठे असं झालं त्याची जंत्री केली, आणि ते व्हायच्या आधी त्या देशाची अवस्था कशी होती ते तीसहून जास्त खान्यांत भरलं, मग कॉम्प्युटरला सांगितलं की ह्यातले कुठले खाने खरंच कामाचे ते तूच शोध. म्हणजे आमचा प्रपोजल फॉर्मच झाला, वय काय, सिगरेट ओढता का, वडील कशाने गेले. इथे वडिलांच्या जागी आहे आधी त्या देशात असं झालंय का, आणि हा खाना सगळ्यात भारी पडतो, एकदा झालं तिथे परत होतं. मग लोकसंख्या, लढाईत किती मेले, सत्तापालटाचे प्रयत्न, एखाद्या समाजाला बाजूला ठेवलंय का. आणि बालमृत्यूचं प्रमाण. हे वाचून मी थबकलो, तान्ही पोरं दगावण्याचा आणि कत्तलीचा संबंध काय? पण विचार केला की जो देश बाळंतिणीपर्यंत नर्स पोचवू शकत नाही तो गावापर्यंत पोलिस काय पोचवणार, म्हणजे तो आकडा सरकारचा हात किती लांब पोचतो ते सांगतो. सिगरेटसारखं कारण नाही ते, पिकलेल्या केसांसारखी खूण आहे. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय की आमच्या खान्यांना कारणं समजू नका, प्रामाणिकपणाचे मार्क तिथेच दिले. अजून एक मजेशीर खाना आहे, पुरुषांना देशात मोकळेपणी फिरता येतं का. डोकं खाजवत बसलो, अजून नीट लागलं नाही, पण कॉम्प्युटरने ठेवलाय म्हणजे काहीतरी असेल.

हे किती बरोबर येतं? त्यांचाच हिशेब असा की ज्या देशांत पुढे खरंच नरसंहार सुरू झाला त्यातले तिघांतले दोघं आधीच वरच्या ३०मध्ये होते. ऐकायला भारी, पण उलटा करून बघा. जगात नवीन नरसंहार वर्षाला सरासरी एक किंवा दोनच सुरू होतात, म्हणजे वरच्या ३०मधल्या बहुतेकांत काहीच होत नाही आणि तिघांतला एक यादीच्या खालून येतो. आणि कोणी काहीच न करता "कुठेच होणार नाही" असं म्हणत बसला तर तो शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर येईल आणि त्याचा काडीचा उपयोग नसेल. म्हणून अचूकता किती टक्के हा प्रश्नच ह्या धंद्यात विचारायचा नाही. आमच्याकडे पण आग हजारात एकाच दुकानाला लागायची, आम्ही कुठलं दुकान ते सांगत नव्हतो, कुठल्या गल्लीत तारा लोंबतायत ते सांगत होतो.

२०१५ला साइट उघडली तेव्हा त्यांच्या यादीत पहिला नंबर म्यानमारचा होता. ऑगस्ट २०१७मध्ये रोहिंग्यांवर जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशात पळाले, आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या पाहणीचा अंदाज असा की पहिल्या महिन्यातच किमान ६,७०० माणसं हिंसेत गेली. म्हणजे दोन वर्षं आधी बोट ठेवलेलं.

आता दुखऱ्या जागेवर येतो. २०२१-२२च्या यादीत आपला भारत दुसऱ्या नंबरवर होता. हे मी दाल बाजारच्या कट्ट्यावर सांगितलं तर तिथे दोन पार्ट्या झाल्या, एक म्हणते बघा मी म्हणतच होतो आणि दुसरी म्हणते हे अमेरिकावाले आपल्याला बदनाम करतात, चहा गार झाला आणि टक्केवारी कोणीच विचारली नाही. पंधराच्याही आत होती ती. म्हणजे न होण्याची शक्यता पंचाऐंशीच्या वर, आणि तरीही जगात दुसरा नंबर, कारण ही गोष्टच इतकी विरळी आहे. आणि लोकसंख्या मोठी असली की हजाराचा आकडा गाठणं सोपं जातं, हे पण गणितात आहे. पण म्हणून सगळं लोकसंख्येवर ढकलून मोकळं व्हायचं हे पण मला पटत नाही, फॉर्ममध्ये बाकीचे खानेही आहेत आणि ते आपणच भरलेत. नंबर छापला की लोक नंबरच वाचतात, ही ह्या साइटची मला वाटलेली सगळ्यात मोठी खोट, नंबर काढून नुसते चार गट केले असते, जास्त, मध्यम, कमी, फारच कमी, तर बरं झालं असतं. पण मग पेपरात बातमी आली नसती म्हणा.

आणि भाच्यासाठी? नायजेरिया वरच्या टोकाला. बहिणीला दाखवलं तर ती रडायलाच लागली. मी म्हटलं थांब, बोको हरामचं मूळ मैदुगुरीला, लागोसपासून सरळ रेषेत बाराशे किलोमीटर, आपल्या ग्वाल्हेरपासून कोलकात्याहूनही लांब. छत्तीसगडच्या जंगलात काही झालं म्हणून बाड्यावरचा भेळवाला गाडी बंद करतो का? देशाचा नंबर देशाच्या राजदूताला ठेवा, एका पोराला तो उपयोगाचा नाही.

म्हणून दुसरी साइट, व्ह्यूज. उप्साला विद्यापीठ आणि ऑस्लोची शांतता संशोधन संस्था मिळून चालवतात, होवार्ड हेग्रे म्हणून प्राध्यापक आहेत त्यांचं काम. ही दर महिन्याला नवीन होते आणि पुढच्या ३६ महिन्यांचा अंदाज देते, तोही चौकोनांत. आफ्रिका आणि मध्यपूर्वेवर अर्ध्या-अर्ध्या डिग्रीची जाळी टाकलीय, एक चौकोन साधारण ५५ किलोमीटरचा, समजा ग्वाल्हेर ते मुरैना आणि थोडं पुढे. मी उत्साहाने आपला चौकोन शोधायला गेलो तर आपल्याकडे जाळीच नाही, देशापुरता एकच आकडा. आफ्रिकेचा नकाशा मात्र बघण्यासारखा. नायजेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात चौकोन गडद आणि खाली समुद्राकडे फिक्के, भाच्याने लगेच आईला मोबाइल दाखवला, बघ मी इथे, ते तिथे. बहिणीचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल पडला.

पण दोन गोष्टी वापरल्यावर कळतात. एक, त्यांचा मुख्य आकडा आहे सरकार आणि सशस्त्र गट ह्यांच्यातल्या लढाईत किती मरतील ह्याचा. गावात घुसून निःशस्त्र लोकांना मारलं तर तो उप्सालाच्या हिशेबात वेगळा कप्पा, एकतर्फी हिंसा. लढाई जिथे तिथे कत्तल बऱ्याचदा असते पण नेहमी नाही. नायजेरियाच्या मध्य पट्ट्यात, प्लॅटो आणि बेनुए राज्यांत, मेंढपाळ आणि शेतकऱ्यांचं जे चाललंय तिथे सरकारशी लढाई अशी नाहीच, आणि जून २०२५मध्ये बेनुएतल्या येलवाटा गावात एका रात्रीत किमान शंभर माणसं गेली. असं गाव लढाईच्या नकाशात फिक्कं राहू शकतं. दोन, हे मॉडेल बरंचसं काल जिथे मेले तिथेच उद्या मरतील असं सांगतं. ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. पण जिथे शांतता होती तिथे अचानक भडका उडणं, हे ह्या विषयातलं सगळ्यात अवघड गणित आहे आणि ते कोणालाच नीट सुटलेलं नाही. पावसासारखं आहे, आज पाऊस आहे तर उद्याही असेल हे कोणीही सांगेल, पहिली सर कधी ते सांगा नं.

ह्यांची एक गोष्ट मनापासून आवडली, कोड आणि डेटा सगळं उघडं ठेवतात, कोणीही हिशेब तपासा. आमच्या ऑफिसात रेट कसा काढला विचारलं तर साहेब म्हणायचे वरून आलाय.

तिसरी एक्लेड नावाच्या संस्थेची, तिचं नाव कास्ट. (आपल्याकडे ऐकणारा वेगळंच समजेल, जातीशी काही संबंध नाही, कॉन्फ्लिक्ट अलर्ट सिस्टिमचं लहान केलेलं नाव.) ही पुढच्या सहा महिन्यांचं सांगते, देशाच्या आत राज्यवार, आणि मेलेल्यांऐवजी घटना मोजते, तीन कप्प्यांत: लढाया, स्फोट आणि हवाई हल्ले वगैरे, आणि तिसरा नागरिकांवरची हिंसा. भाच्यासाठी मला तिसराच कप्पा हवा होता आणि तोच मिळाला.

का ते सांगतो. ह्या तिसऱ्या कप्प्यात अपहरणसुद्धा मोजतात. भिंड-मुरैनाच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, बागी लोकांचा, म्हणजे चंबळच्या डाकूंचा, खरा धंदा खुनाचा नव्हताच, पकडचा होता, माणूस बीहडात न्यायचा आणि घरच्यांनी शेत विकून पैसे पोचवायचे. नायजेरियाच्या वायव्येला आज जे चाललंय ते वाचताना मला सारखे आमचे अण्णा आठवत होते, त्यांचं पुढे सांगतो. कडुना राज्य घ्या, २८ मार्च २०२२ला अबुजाहून कडुनाला जाणाऱ्या ट्रेनचे रूळ उडवले, काही प्रवासी मारले आणि कित्येकांना पळवून नेऊन महिनोन्महिने खंडणीसाठी ठेवलं. शुद्ध पकड. पहिल्या साइटला हे दिसणार नाही, हजार मेले नाहीत. दुसरीला अर्धवट दिसेल. कास्टला दिसतं. भारतीय इंजिनिअरला कोणी तो अमुक जमातीचा म्हणून मारणार नाही, पण कंपनी पैसे देईल म्हणून उचलू शकतो, म्हणजे आमच्या भाषेत त्याची खरी रिस्क ही आहे आणि तिचं कव्हर ह्याच एका नकाशात आहे.

वापरायला तिन्हींत पहिली सोपी, मोबाइलवर नीट दिसते. बाकी दोन्हीत कॉम्प्युटर घेऊन बसा. एका साइटवर नाव नोंदवताना "आपली संस्था कोणती" असं विचारलं, मी लिहिलं "घर", तर फॉर्म पुढेच जाईना, शेवटी सेवानिवृत्त लिहिलं तेव्हा गाडी हलली. मराठी सोडाच, हिंदीही मला कुठे दिसली नाही. आणि आलेखांतले रंग इतके जवळजवळचे की चष्मा पुसून पुसून बघा.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे मी तिन्हींचा एकेक स्टार कापला, आणि ह्यात साइटवाल्यांचा दोष किती ते मला ठरवता आलं नाही. सुदानमधलं एल फाशर बघा. दारफुरचं शहर, मे २०२४पासून आरएसएफ नावाच्या निमलष्करी टोळीने वेढा घातलेला. त्याआधी २०२३मध्ये ह्याच टोळीने आणि त्यांच्या साथीदारांनी एल जेनिना शहरात मसालित जमातीची माणसं मारली होती, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात तो आकडा १० ते १५ हजार आहे. म्हणजे प्रपोजल फॉर्म पूर्ण भरलेला. जून २०२४मध्ये सुरक्षा परिषदेने ठरावच केला की वेढा थांबवा. येल विद्यापीठाची एक लॅब उपग्रहाचे फोटो तपासून सांगत होती, बघा ह्यांनी शहराभोवती मातीचा बांध घालायला घेतलाय, ऑगस्ट २०२५पर्यंत ३१ किलोमीटर झाला होता. शेतकऱ्याला विचारा, गुरं पळू नयेत म्हणून घालतात तसा. २६ ऑक्टोबर २०२५ला शहर पडलं, आणि पुढच्या काही दिवसांत त्याच लॅबच्या फोटोंत जमिनीवर माणसाएवढ्या आकृत्या आणि लालसर डाग दिसायला लागले. एका प्रसूती हॉस्पिटलमध्येच ४६०हून जास्त माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. ह्यात अंदाज चुकला कुठे? कुठेच नाही.

तीस वर्षांपूर्वी रवांडात पण तेच. ११ जानेवारी १९९४ला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख जनरल दलेर ह्यांनी राजधानी किगालीहून न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला फॅक्स केला, आतला माणूस सांगतोय की शस्त्रं साठवलीत आणि तुत्सी जमातीच्या लोकांच्या याद्या करतायत, मी छापा टाकतो. उत्तर आलं, टाकू नका. एप्रिलमध्ये सुरू झालं आणि शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं. त्या फॅक्सला कुठलं मॉडेल लागलं नव्हतं, एक मुखबिर लागला होता.

विम्यात सर्व्हेयरचा रिपोर्ट आला की कोणाच्या तरी टेबलावर जायचा, त्याला सही करावी लागायची, नाही केली तर उद्या जळालं की त्याची नोकरी. ह्या तिन्ही साइट्सचा रिपोर्ट कोणाच्या टेबलावर जातो ते मला कुठे सापडलं नाही. प्रीमियम भरणारे वेगळे, क्लेम ज्यांच्यावर येतो ते वेगळे, आणि सही कोणाचीच नाही.

मुखबिरावरून अण्णांचं सांगायचं राहिलं. ते भिंडजवळ एका गावात मास्तर होते, जौराला १९७२मध्ये जयप्रकाशांसमोर बागी लोकांनी बंदुका ठेवल्या त्याच्याही आधीपासून. ते सांगायचे की टोळी येणार हे पोलिसांना कळायच्या आधी शाळेला कळायचं, अमुक घरची पोरं सोमवारी एकदम गैरहजर, विचारलं तर मामाकडे गेलीत. मामाकडे जायला ना सुट्टी ना लग्न. मग अण्णा पण तालुक्याला "कागद आणायला" जायचे. ह्याला लीड टाइम दोन दिवस, खर्च शून्य, आणि चुकलं तर फक्त एक दिवस शाळा बुडाली.

तर माझं रेटिंग: अर्ली वॉर्निंग प्रोजेक्टला पाचपैकी तीन, विचार करायला उत्तम, निर्णयाला नाही. व्ह्यूजला साडेतीन, नकाशासाठी आणि उघडेपणासाठी. कास्टला चार, ज्याचं पोर बाहेर नोकरीला जातंय त्याने फक्त हीच बघितली तरी चालेल, महिन्यातून एकदा, रोज बघाल तर बीपी वाढेल.

भाचा गेला. नवा बाजारातून लाडू आणि मुरैनाची गजक बॅगेत कोंबून बहिणीने पाठवला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, मामा कंपनी दोन आठवड्यांसाठी कडुनाला पाठवतेय, मशीन बसवायचंय, अबुजापर्यंत विमान आणि पुढे गाडीने. मी लगेच कॉम्प्युटर उघडला, कडुनाचा नागरिकांवरच्या हिंसेचा आकडा काढला, त्याला म्हटलं आकडा चांगला नाही, साहेबांना सांग कडुनापर्यंत विमानच करा. तो म्हणाला, मामा, ते झालं कालच, आमचा ड्रायव्हर तिकडचाच आहे, तो म्हणाला मी ह्या आठवड्यात त्या रस्त्याने माझी गाडी पण नेणार नाही, म्हणून साहेबांनी तिकीट काढलं.

मी विचारलं ड्रायव्हरला कसं कळलं. तर म्हणे त्याची बहीण त्या रस्त्यावरच्या गावात राहते, तिने पोरं आजोळी पाठवलीत.